शंभर मिलिमीटर पावसात द्राक्षांची बाग

इ. स. पूर्व ३१२. अलेक्झांडरला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्याचे सेनापती त्याचं साम्राज्य आपसांत ओरबाडत होते. त्यांतल्या अँटिगोनसने मृत समुद्राच्या दक्षिणेला राहणाऱ्या एका अरब टोळीवर ४,००० पायदळ आणि ६०० घोडेस्वार पाठवले. टोळीतले कर्ते पुरुष जत्रेला गेले होते. फौजेने त्यांचं कड्यावरचं ठाणं लुटलं, धूप, बोळ आणि चांदी उचलली आणि परतीची वाट धरली. टोळीवाल्यांनी मागोमाग येऊन छावणी गाठली. पन्नासेक घोडेस्वार तेवढे जिवंत सुटले. मग अँटिगोनसने आपल्या मुलालाच रवाना केलं, पण तोही फारसं काही साधून आला नाही. टोळी गुराढोरांसकट वाळवंटात पांगली होती आणि तिच्या मागे जायचं तर प्यायला पाणी कुठलं?

ही टोळी म्हणजे नबातियन. आजच्या जॉर्डनमधलं पेट्रा, गुलाबी खडकात कोरलेलं ते शहर, पुढे यांनीच वसवलं. पेट्राचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण त्या कोरीव दर्शनी भिंतींपेक्षा मला त्यांच्या आजूबाजूला असलेल्या पन्हळी, टाकी आणि बांध जास्त मोलाचे वाटतात. ते नसते तर भिंती कोरायला माणसं तिथे टिकलीच नसती.

डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने त्या मोहिमेची हकिगत लिहून ठेवली आहे. या लोकांना दारू, घर, धान्यपेरणी आणि फळझाडं हे सगळं वर्ज्य होतं, मोडलं तर मृत्युदंड, असं तो सांगतो. कारणही देतो: ज्याच्याकडे घर आणि शेत आहे, त्याला ते वाचवण्यासाठी बलवानांचं ऐकावं लागतं. पाण्याबद्दल तो लिहितो की हे लोक जमिनीखाली टाकी खोदतात. तोंड अगदी लहान ठेवतात, आत मात्र खोदत खोदत रुंद करत जातात, इतकं की तळाशी एकेक बाजू तीसेक मीटर भरावी. आतून गिलावा करतात. पावसाने टाकं भरलं की तोंड बुजवून जमीन सारखी करतात आणि फक्त आपल्याला कळेल अशी खूण ठेवतात. जनावरांना पाणी दाखवतात तेही एक दिवसाआड. पळायची वेळ आली तर त्यांना रोजच्या पाण्याची सवय नको.

तीस मीटरचा आकडा फुगवलेला असेल, पण टाक्याची रचना मात्र खरी आहे. रांजणासारखी टाकी, तोंड अरुंद आणि पोट मोठं, या प्रदेशात आजही शेकड्यांनी सापडतात.

तोंड लहान का?

लपवायला सोपं, हे झालं एक कारण. दुसरं ऊन. आजच्या इस्रायलच्या दक्षिणेकडच्या नेगेव्हसारख्या वाळवंटात उघड्या पाण्यावरून वर्षाला सुमारे दोन मीटर जाडीचा थर वाफ होऊन जातो. म्हणजे दोन मीटर खोल उघडं तळं भरून ठेवलं, तर वर्षभरात कोणी थेंबही न पिता ते कोरडं पडेल. टाकं जमिनीखाली गेलं की ऊन लागत नाही, वारा लागत नाही, शेवाळ धरत नाही. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरायचा, बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं आणि ते उन्हात उघडं ठेवायचं, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. जमिनीखालचं झाकलेलं पाणी वर आणून वाळत घालायचं, असाच तो व्यवहार. नबातियन माणसाला तो काही केल्या समजला नसता.

टाकं खोदायला खडक निवडावा लागे. मऊ चुनखडीचा किंवा वालुकाश्माचा खडक खोदायला सोपा, पण त्यातून पाणी झिरपतं. म्हणून आतून चुन्याच्या गिलाव्याचे थर देत, काही ठिकाणी त्यात राख किंवा कुटलेली खापरं घालत. टाक्याच्या तोंडाआधी एक छोटा खड्डा असे. उतारावरून आलेलं पाणी आधी त्यात थांबायचं, गाळ खाली बसायचा आणि वरचं निवळ पाणी आत जायचं. हा खड्डा उपसायचा राहिला तर चार-दोन पावसाळ्यांत टाकंच गाळाने भरणार.

मोठ्या टाक्यांवर छत घालायचं तर आणखी एक अडचण होती: वाळवंटात लांब तुळया मिळत नाहीत. त्यावर त्यांनी टाक्याच्या आरपार दगडी कमानींची रांग उभी केली आणि एका कमानीवरून दुसरीवर दगडी फरश्या टाकल्या. दक्षिण जॉर्डनमधल्या हुमैमा या गावी अशी टाकी अजून उभी आहेत. या गावाला वर्षाला जेमतेम ८० मिलिमीटर पाऊस मिळतो. तिथल्या लोकांनी डोंगरातल्या झऱ्यांपासून फाट्यासकट साडेसव्वीस किलोमीटर लांबीचा दगडी पाट आणला होता. तरीही गावाचा खरा आधार घरोघरची टाकीच होती. झरा आटू शकतो, पाट शत्रू फोडू शकतो, अंगणातलं टाकं मात्र आपल्या हातातलं. (पुढे याच आडगावात राहून अब्बासी घराण्याने उमय्यांची खिलाफत उलथवण्याचं कारस्थान शिजवलं. पण ती वेगळीच गोष्ट.)

साधारण याच शतकांत सह्याद्रीतही खडकात टाकी खोदली जात होती. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी टाकं आहे, वरच्या खडकावर पाणी वळवणाऱ्या चरी आहेत, आणि टाकं कोणी दान दिलं याचे शिलालेखही आहेत. दात्यांमध्ये कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी दिसतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या टिपणात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात, आणि त्याच टिपणात तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून पेट्राला, नबातियनांचा राजा मलिकस याच्याकडे, जाणारी वाटही येते. दोन्ही टोकांची माणसं एकाच व्यापाराच्या जाळ्यात होती. पण तेवढ्यावरून टाक्यांची विद्या एकाने दुसऱ्याकडून उचलली असं म्हणायला आधार नाही. शिवाय प्रश्नही वेगळे होते. कान्हेरीला पाऊस मुबलक, अडचण आठ कोरड्या महिन्यांची. नबातियनांकडे पाऊसच नाही.

पाऊस नाही म्हणजे किती नाही?

इथे थोडा हिशोब करू, कारण सगळी गंमत त्या हिशोबातच आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. नेगेव्हच्या उंच भागात, अवदात आणि शिव्ता या नबातियनांच्या जुन्या नगरांच्या परिसरात, वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही फक्त हिवाळ्यात. आपला माण-खटावचा दुष्काळी पट्टा घेतला तरी तिथे याच्या चार-पाच पट पडतो. १०० मिलिमीटरमध्ये गहू येत नाही. कोरडवाहू गव्हाला किमान तीन-साडेतीनशे तरी हवा.

आता हेच शंभर मिलिमीटर एका एकरावर मोजा. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून पाणी झालं चार लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चाळीस टँकर. एका उजाड, कोणालाही नको असलेल्या एकरावर वर्षाला चाळीस टँकर पाणी पडतं आणि वाफ होऊन जातं. तसे वीस एकर असतील तर आठशे टँकर. वाळवंटात जमिनीला काय तोटा!

समजा वीस एकर टेकडीवर पडलेल्या पाण्यातलं १५ टक्केच पाणी खाली वाहून आलं आणि ते सगळं पायथ्याच्या एका एकरात थांबवलं. वीस एकरांतून प्रत्येकी १५ मिलिमीटर, म्हणजे त्या एका एकरावर ३०० मिलिमीटर. त्या एकरावर थेट पडलेले १०० त्यात मिळवा. झाले ४००. गहू आला, जव आलं, बदाम आणि द्राक्षंही आली.

नेगेव्हमधल्या प्राचीन शेतांचा सगळा खेळ या प्रमाणावर उभा आहे. एका वाट्याच्या शेतासाठी वीस ते तीस वाटे पाणलोट. बाहेरून पाणी आणलं नाही, जमिनीखालून उपसलं नाही. जमिनीचे दोन भाग पाडले: एक पाणी पिकवणारा, दुसरा धान्य पिकवणारा. पाणी पिकवणारा भाग वीसपट मोठा आणि तिथे एक काडीही पेरायची नाही.

तीच माती वर पाणी नाकारते, खाली धरून ठेवते

पण टेकडीवर पडलेलं पाणी खाली येतंच का? वाळू असती तर ते जागीच मुरलं असतं. नेगेव्हमध्ये वाळूपेक्षा लोएस महत्त्वाची. ही वाऱ्याने वाहून आणलेली, पिठासारखी बारीक पोयट्याची माती. पहिले थेंब पडले की तिची ढेकळं फुटतात, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. त्यावर सूक्ष्मजीवांचा थरही असतो. तीन-चार मिलिमीटर पाऊस होईतो पृष्ठभाग जवळपास सीलबंद होतो आणि पुढचं पाणी उताराला लागतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वाईटातली वाईट जमीन. पाणलोट म्हणून मात्र अशी जमीन शोधूनही सापडायची नाही.

हीच माती हजारो वर्षं वाहत येऊन दऱ्यांच्या तळाशी दोन-तीन मीटर जाड साचली आहे. तिथे ती उलटं काम करते. पाणी तिच्यावर वीतभर उभं राहिलं, काही तास थांबलं, की हळूहळू खोल उतरतं. नंतर वरचा थर वाळतो, पुन्हा पापुद्रा धरतो आणि खालची ओल तशीच राहते. झाडाची मुळं मग उन्हाळाभर त्या ओलीवर जगतात. म्हणजे झाकणासकट टाकं इथेही आहेच. फक्त ते मातीचं आहे आणि आतलं पाणी पोहऱ्याऐवजी मुळं काढून घेतात.

पाणी ते काही तास थांबावं म्हणून ओघळीच्या आडवे दगडी बांध घातलेले असत, गुडघ्याच्या थोडे वर, एकामागोमाग एक, पायऱ्यांसारखे. प्रत्येक बांधात पायरीदार सांडवा. पहिल्या वाफ्याची तहान भागली की उरलेलं पाणी सांडव्यावरून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. बांधामागे गाळ साचून शेत सपाट होत जाई. टेकडीच्या अंगावर तिरप्या दगडी ओळी घालून पाणी ठरलेल्या वाफ्यांकडे वळवत. या ओळींमुळे टेकडीचे लहान लहान तुकडे पडत आणि प्रत्येक तुकड्याचं पाणी कोणत्या शेतात जायचं हे आधीच ठरलेलं असे. शेतासोबत त्याची टेकडीही मालकाची. वरच्या माणसाने पाणी अडवलं म्हणून खालच्याने कुऱ्हाड काढायची वेळ येऊ नये, याची सोय त्या दगडांच्या ओळींनीच केली होती.

तुकडे लहान का, यामागेही अनुभव होता. पाणी जितकं लांब वाहत जातं तितकं वाटेत मुरतं. लहान उतारावरून पावसाच्या १०-२० टक्के पाणी हाती लागतं. मोठ्या खोऱ्याच्या तोंडाशी उभं राहिलात तर काही टक्केच पोचतं, आणि जेव्हा येतं तेव्हा लोंढा होऊन येतं. काही ठिकाणी लोकांनी असे लोंढे वळवण्याचाही घाट घातला होता. मोठे वळण-बंधारे, रुंद पाट, सगळं. दर पुराबरोबर गाळ येऊन शेतं वर चढत गेली, पाटाची पातळी खाली राहिली, पाणी शेतात चढेना. मग बंधारा उंच करा, पाट लांबवा. शेवटी कंटाळून लोक पुन्हा आजूबाजूच्या टेकड्यांवरच्या थोड्या पण सालस पाण्याकडे वळले. मोठ्या प्रकल्पाचं आकर्षण आणि त्याचा गाळ, दोन्ही फार जुने आहेत.

करून पाहिलं तेव्हा कळलं

ही सगळी रचना आज इतक्या खात्रीने सांगता येते याचं बरंचसं श्रेय मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाला जातं. १९०४ साली मेट्झला जन्मलेला हा माणूस १९३३ मध्ये जर्मनी सोडून जेरुसलेमला आला. १९५० च्या दशकात लेस्ली शानन हा जलतज्ज्ञ अभियंता आणि नफ्ताली तादमोर हा शेतीतज्ज्ञ यांच्यासोबत त्याने नेगेव्हमधल्या जुन्या बांधांची पाहणी सुरू केली. नकाशे काढून झाल्यावर त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी शिव्ता आणि अवदात इथली एकेक पडकी शेतं जुन्या दगडांनीच दुरुस्त केली, पाणी मोजायची साधनं बसवली आणि बदाम, जर्दाळू, पिस्ते, द्राक्षं, गहू असं काय काय लावून पाहिलं. वरून एक बादलीही पाणी द्यायचं नाही अशी अट.

बाग आली. अवदातच्या त्या उजाड उतारांखाली बदामाची झाडं आज फोटोत पाहिली तर खोटी वाटतात.

या प्रयोगाने एक जुना वादही पुढे नेला. नेगेव्हच्या टेकड्यांवर मैलोन्‌मैल दगडांचे छोटे छोटे ढीग आहेत, ओळीने रचलेले. एडवर्ड पामर या इंग्रज प्रवाशाने १८७१ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. स्थानिक बेदुइन त्यांना द्राक्षांचे ढिगारे म्हणत, म्हणून वेली त्यांवर चढवत असतील अशी समजूत झाली. पुढे कोणी म्हटलं, हे दव गोळा करायचे ढीग: रात्री दगड थंड होतात, त्यांवर दव धरतं, ठिबकतं आणि झाडाला मिळतं. ही कल्पना लोकांना अजूनही फार भावते. इंटरनेटवर ‘हवेतून पाणी काढणारे प्राचीन लोक’ म्हणून ती फिरत असते. मला ती पटत नाही. दव पडतं, पण सूर्य वर आला की उडून जातं; झाडाच्या मुळापर्यंत ते पोचत नाही. आणखी एका तज्ज्ञाचं म्हणणं होतं की उतारावरची माती मोकळी होऊन खाली वाहावी आणि बांधामागे शेत तयार व्हावं यासाठी दगड उचलले.

एव्हेनारीच्या गटाने शेजारी शेजारी प्लॉट पाडले. काहींवर दगड तसेच ठेवले, काहींवरचे वेचून ढीग केले. दगड वेचलेल्या प्लॉटवरून जास्त पाणी वाहिलं. कारण साधं आहे. दगडांमुळे पावसाचे थेंब मातीवर आपटत नाहीत, पापुद्रा धरत नाही, वाहतं पाणी अडखळतं आणि मुरतं. दगड वेचले की माती उघडी पडते आणि लवकर सीलबंद होते. हलका पाऊस झाला तरी पाणी सुटतं, आणि वाळवंटात बहुतेक पाऊस हलकाच असतो. वाद पूर्ण मिटला असं नाही, पण माझं मत या बाजूला झुकतं. जिथे माणूस रिकाम्या टेकडीवरचे दगड वेचत बसतो, तिथे ती टेकडी त्याच्या लेखी रिकामी नसते.

एक फायदा मात्र त्या लोकांना न ठरवता मिळाला असावा. पावसाचं पाणी गोडं, क्षार नसलेलं. कालव्याच्या पाण्याने मेसोपोटेमियाच्या जमिनी शतकानुशतकं क्षारांनी खराब होत गेल्या. आपल्या कृष्णाकाठच्या चोपण झालेल्या उसाच्या जमिनी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. नेगेव्हच्या या वाफ्यांत तो रोग शिरला नाही.

पेट्रा: पाणी कमी आणि पाणी फार

पेट्राची अडचण दुहेरी होती. वर्षभर टंचाई, आणि वर्षातल्या एखाद्या दिवशी जीव घेणारा पूर. शहरात शिरायची मुख्य वाट म्हणजे सीक, उंच कड्यांमधली सव्वा किलोमीटरची अरुंद घळ. मूळची ती पाण्याचीच वाट. डोंगरात जोराचा पाऊस झाला की सगळा लोंढा या घळीतून शहरात घुसणार.

नबातियनांनी घळीच्या तोंडाशी बंधारा घातला आणि शेजारच्या डोंगरात सुमारे ९० मीटरचा बोगदा खोदून पूर दुसऱ्या दरीत सोडला. सीकला येऊन मिळणाऱ्या बाजूच्या ओघळींवरही लहान बंधारे बांधले. काळाच्या ओघात बंधारा मोडला, आणि एप्रिल १९६३ मध्ये घळीत आलेल्या पुरात वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक वाहून गेले. त्यानंतर जॉर्डन सरकारने बंधारा पुन्हा बांधला, तो त्याच जुन्या जागी. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा मोठा पूर आला तेव्हा साडेतीन हजारांहून अधिक पर्यटकांना पेट्रातून बाहेर काढावं लागलं.

त्याच सीकच्या दोन्ही कड्यांना प्यायच्या पाण्याच्या वाटा आहेत. एका बाजूला खडकात कोरलेला पाट, दुसऱ्या बाजूला मातीच्या भाजलेल्या नळांची ओळ, एकात एक अडकवून सांधे चुन्याने भरलेले. पाणी यायचं ते काही किलोमीटरवरच्या ऐन मूसा या झऱ्याचं. उतार बेताचा ठेवलेला असे. फार तीव्र ठेवला तर पाणी उसळून सांधे निखळतात, फार कमी ठेवला तर गाळ बसून नळ तुंबतात. मध्ये मध्ये गाळ बसवायचे हौद. एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहायची, आणि दोन्ही पडल्या तरी डोंगरभर पसरलेली टाकी होतीच. स्ट्राबो हा ग्रीक भूगोलकार पेट्राबद्दल लिहितो की तिथे घरगुती वापराला आणि बागांना पुरेल इतकं झऱ्यांचं पाणी आहे. त्याचा एक मित्र तिथे राहून आला होता.

बागा खऱ्याच होत्या. शहराच्या मध्यभागी एक मोठी सपाट जागा आहे. जुन्या नकाशांत तिला ‘खालचा बाजार’ म्हटलेलं असे. १९९८ मध्ये लीअॅन बेडाल या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे खणलं तर बाजाराऐवजी पोहण्याचा तलाव निघाला, ४३ मीटर लांब, २३ मीटर रुंद, अडीच मीटर खोल, मधोमध मंडप आणि शेजारी बाग. म्हणजे पंचवीसेक लाख लिटर पाणी, उघड्यावर. टाक्यांची तोंडं झाकणाऱ्या लोकांचे हे वारसदार! पण यात मला विसंगती दिसत नाही. आठवडेच्या आठवडे वाळवंट तुडवून धुपाचे तांडे शहरात यायचे आणि समोर निळं पाणी दिसायचं. राजाच्या श्रीमंतीची याहून चांगली जाहिरात कोणती? ज्यांच्या पूर्वजांना घर बांधलं तर मृत्युदंड होता, त्यांचं हे तीन शतकांनंतरचं शहर.

इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजानने हे राज्य खालसा केलं. माणसं मात्र तिथेच राहिली, पुढे ख्रिस्ती झाली, ग्रीक लिहू लागली. नेगेव्हमध्ये आज दिसणारी बहुतेक शेतं या नंतरच्या लोकांनी, बायझंटाइन काळात, म्हणजे चौथ्या ते सातव्या शतकांत कसली. निझाना इथे १९३० च्या दशकात सापडलेल्या पपायरसच्या कागदांत एका हंगामाचा हिशोब आहे: गहू पेरलेल्याच्या सुमारे सातपट, जव त्याहून थोडं जास्त. शिव्ताच्या आसपास शेतांमध्ये कबुतरखाने सापडले आहेत. विष्ठेचं खत हवं म्हणून ते बांधलेले. आणि द्राक्षं चिरडायची दगडी कुंडं: शिव्तात तीन, अवदातला त्याहून जास्त. इथली दारू गाझा बंदरातून भूमध्य समुद्रापार जायची.

मग हे बंद का पडलं?

बरीच वर्षं उत्तर असं होतं की सातव्या शतकात अरब आक्रमण झालं आणि शेती उद्ध्वस्त झाली. गेल्या दशकात इस्रायली संशोधकांनी गावांबाहेरचे उकिरडे उकरले तेव्हा वेगळंच दिसलं. हलुझा या मोठ्या गावाच्या उकिरड्यांवर कचरा टाकणं सहाव्या शतकाच्या मध्यालाच थांबलेलं आहे. द्राक्षबियांचं धान्याशी असलेलं प्रमाणही तेव्हापासून उतरू लागतं. म्हणजे आक्रमणाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच गाडं घसरलं होतं. ५४१ मध्ये भूमध्य जगात प्लेग आला, गिऱ्हाइकं मेली, दारूचा बाजार बसला. याच सुमाराच्या हवामान-बदलाकडेही बोट दाखवलं जातं, पण पाण्याची ही रीत मुळातच कमी पावसासाठी घडवलेली होती. मला बाजाराचं कारण जास्त पटतं, कारण या रीतीला पाण्यापेक्षा माणसांची गरज जास्त होती.

ती गरज किती होती ते शिव्ताच्या काही खापरांवरून कळतं. गावाच्या मधोमध दोन सार्वजनिक तळी होती. उतारावरच्या रस्त्यांचं पाणी चरींतून त्यांत यायचं. त्यांच्या देखभालीसाठी गावकऱ्यांवर श्रमाची पाळी लावलेली असे, आणि ज्याने काम केलं त्याला खापरावर ग्रीकमध्ये लिहून पावती मिळे: अमक्याने तळ्यावरचं आपलं काम पुरं केलं. घरपट्टी भरल्याची पावती जपावी तशी ही खापरं लोकांनी जपली असणार, नाहीतर पुन्हा कोणी कामाला जुंपलं असतं.

बांधांचंही तसंच. कोरड्या दगडांच्या बांधातला एक धोंडा निसटला आणि त्या हिवाळ्यात कोणी तो परत बसवला नाही, तर पुढच्या पावसात पाणी नेमकं तिथूनच घुसतं. खिंडार रुंदावतं, वाफ्यातली शतकांची माती कापत जातं, खालच्या बांधावर सगळा जोर येतो, तोही फुटतो. नेगेव्हमध्ये अशा कितीतरी दऱ्या आहेत जिथे दोन्ही काठांना बांधांची टोकं शाबूत आहेत आणि मधून दोन पुरुष खोल ओघळ गेली आहे. जिथे बांध टिकले तिथे बेदुइन कुटुंबांनी पुढे कित्येक पिढ्या पाऊस बरा झाला की जव पेरलं, जुनी टाकी उपसून शेळ्यामेंढ्यांना पाणी पाजलं. त्यांनी नवीन बांध फारसे घातले नाहीत. जे उभे होते तेवढे त्यांच्या कळपांना पुरत होते.